येवल्याला पैठणी घ्यायला जाताना: डबा, कपडे आणि पदराची उलटी बाजू

पैठणी घ्यायची ठरली की घरात पहिली चर्चा रंगाची होते आणि दुसरी पैशांची. ती विणतात तिथे जाऊन बघायची का, हा विषय बहुतेक घरांत निघतच नाही. शहरातल्या दुकानात तासाभरात पंधरा-वीस साड्या खांद्यावर टाकून बघता येतात, आणि त्यातली एक आवडतेही. पण हातमागाची पैठणी हे कुणीतरी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने मागावर बसून केलेलं काम असतं, आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला ती आयुष्यात एक-दोनदाच येते. म्हणून माझं ठाम मत आहे की तिच्यासाठी एक अख्खा दिवस काढावा, येवल्याला जावं, आधी माग बघावा आणि मगच साडी बघावी. मागावर तयार होणारा पदर डोळ्यांनी पाहिला, की अस्सल काय आणि नक्कल काय हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

हा दिवस नीट जायचा असेल तर तयारी लागते. कधी निघायचं, अंगावर काय घालायचं, डब्यात काय न्यायचं, या गोष्टी वरवर साडीशी संबंध नसलेल्या वाटतात. पण दमलेल्या, भुकेल्या आणि घामाघूम झालेल्या माणसाला रंगांतला फरक दिसत नाही. तो समोर आलेली तिसरी साडी घेऊन मोकळा होतो. म्हणून घरापासून सुरुवात करते.

घरीच ठरवून टाका

बजेटची वरची मर्यादा घरीच ठरवा आणि सोबत येणाऱ्या सगळ्यांना ती माहीत असू द्या. मावशी येवल्यात म्हणतात, "अगं, अजून पाच हजार घाल", आणि मग अवघडलेपण येतं. सहावारी हवी की नऊवारी, हेही आधीच ठरवा. सहावारी साधारण साडेपाच मीटर असते आणि तिला ब्लाउजचं कापड जोडून येतं. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, तिला रेशीम जास्त लागतं, त्यामुळे ती महागही पडते. सगळ्याच दुकानांत नऊवारीचे भरपूर नग तयार नसतात, म्हणून हवी असेल तर फोन करून विचारून मगच निघा.

सोबत किती जणांनी जावं? नेसणारी, जिच्या नजरेवर तिचा विश्वास आहे अशी एक बाई, आणि फार तर आणखी एक जण. सात-आठ जणांचा गोतावळा घेऊन गेलं की प्रत्येकाची एकेक साडी आवडती होते आणि नेसणारीचं मत शेवटी विचारलं जातं.

जी पैठणी घ्यायची ती कधी नेसायची आहे याची तारीख डोक्यात असू द्या. लग्नासाठी हवी असेल आणि मनासारख्या रंगात विणून घ्यायची असेल, तर निदान चार-सहा महिने आधी जा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि दुकानांत गर्दी वाढते. श्रावण-भाद्रपदात गेलात तर विणकरांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. संक्रांतीच्या सुमाराला मात्र साडीच्या खरेदीचा बेत आखू नका. भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस येवला गच्चीवर असतो. इथला पतंगोत्सव साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. पतंग बघायला जरूर जा, पण तेव्हा साडी बघायला कुणाचं लक्ष लागत नाही, तुमचंही नाही.

जायचं कसं

येवला नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. नाशिकहून निफाड, विंचूर करत पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, आणि हाच रस्ता पुढे वैजापूरवरून छत्रपती संभाजीनगरला जातो. त्याला छेदून अहिल्यानगर–मनमाड रस्ता जातो, त्यामुळे शिर्डी आणि कोपरगाव एका बाजूला, तर मनमाड दुसऱ्या बाजूला. शिर्डीपासून येवला साधारण तीस किलोमीटर आहे. साईबाबांच्या दर्शनाला गेलेली पुष्कळ कुटुंबं तिथूनच येवल्याला येतात.

नाशिक आणि संभाजीनगरकरांसाठी एस.टी. सोयीची आहे. मुंबईहून रेल्वेने मनमाडला उतरून पुढे एस.टी.ने किंवा टॅक्सीने जाता येतं; स्वतःची गाडी असेल तर नाशिकवरून या किंवा समृद्धी महामार्गाने येऊन शिर्डीला उतरा. पुण्याहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जातं. एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण मी ते सुचवणार नाही. आदल्या रात्री शिर्डी किंवा नाशिकला मुक्काम करा. दौंड–मनमाड रेल्वेमार्गावर येवल्याचं स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. म्हणून कोपरगाव किंवा मनमाडचं तिकीट काढणं जास्त सुरक्षित. वेळापत्रक निघण्याच्या आदल्या आठवड्यात बघून घ्या.

बेत असा आखा की सकाळी दहा-साडेदहाला तुम्ही येवल्यात असाल. साडीचा रंग दिवसाच्या उजेडातच कळतो. दुपारी चारनंतर पिवळसर ऊन आणि दुकानातले दिवे मिळून जांभळ्याचा मरून आणि राणी रंगाचा लाल दिसायला लागतो. निर्णय त्याआधी व्हायला हवा.

अंगावर काय असावं

साडी घ्यायला जाताना स्वतः साडी नेसून जावं की नाही, यावर दोन मतं आहेत. मला विचाराल तर साधा सुती सलवार-कुडता बरा. मोतिया, फिकट राखाडी किंवा पांढऱ्याच्या जवळचा एकरंगी कुडता घाला. खांद्यावर साडी टाकून आरशात बघताना खालचं छापील, भडक कापड डोळ्यांत घुसत राहतं आणि पैठणीचा रंग बिचकतो. पैठणीवर जो ब्लाउज शिवायचा आहे त्या रंगाचा एखादा जुना ब्लाउज घरात असेल तर तो पिशवीत टाका.

हातात नक्षीच्या बांगड्या, टोकदार खड्यांची अंगठी, कड्याचं ब्रेसलेट नको. जरीचा एक धागा त्यात अडकला तर साडी तुम्ही घ्या किंवा न घ्या, विणकराचं नुकसान झालंच. लांब नखांनाही हेच लागू आहे. अत्तर, सेंट, हाताला लावायचं क्रीम त्या दिवशी घरीच राहू दे. चप्पल पटकन काढता-घालता येईल अशी असावी, कारण दुकानात गादीवर बसायचं असतं आणि विणकराच्या घरात शिरताना ती उंबऱ्याबाहेरच निघते. उन्हाळ्यात हा भाग चांगलाच तापतो. टोपी किंवा ओढणी आणि पाण्याची बाटली विसरू नका.

डबा

आता डब्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण प्रवासात बाहेरचं काहीही खाऊन चालतं असं आपण गृहीत धरतो आणि या एका प्रवासात ते खरोखर चालत नाही. वडापाव, भजी, तर्रीवाली मिसळ खाऊन तुम्ही दुकानात शिरलात, की बोटांना तेल, हळद आणि तिखट असतं. रुमालाला पुसून ते जात नाही. फिकट रंगाच्या रेशमावर हळदीचं बोट उमटलं तर ते निघत नाही. मिसळीला माझा विरोध नाही. नाशिक भागात येऊन ती न खाणं चुकीचंच ठरेल. फक्त ती खरेदी झाल्यावर खा.

म्हणून या दिवसाचा खाऊ कोरडा, कमी तेलाचा, हळद नसलेला आणि पोटाला आधार देणारा हवा. गोड बिस्किटांचा पुडा हा आधार नव्हे. साखर चढते, उतरते आणि बारा वाजता पुन्हा भूक लागते.

प्रवासासाठी सगळ्यात भरवशाची म्हणजे दशमी. पाण्याऐवजी दुधात मळलेली, म्हणून ती मऊ राहते आणि जरा जास्त टिकते. गोड दशमीसाठी अर्धी वाटी किसलेला गूळ पाऊण वाटी कोमट दुधात विरघळवा. दूध कढत असेल तर गुळाने फाटू शकतं, तेव्हा कोमटच घ्या. दोन वाट्या कणकेत चिमूटभर मीठ आणि दोन चमचे गरम तुपाचं मोहन चोळा, मग लागेल तसं हे दूध घालत घट्ट गोळा मळा. सगळं दूध लागेलच असं नाही, कारण गूळही सैल होतो. अर्ध्या तासाने पोळीपेक्षा जाड लाटून मंद आचेवर तूप सोडून भाजा. गुळामुळे लवकर करपते, तेव्हा आच वाढवू नका. ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी गुळाशिवाय, कणकेत निम्मं ज्वारीचं पीठ, भाजलेले तीळ, जिरं आणि मीठ घालून दुधातच मळा. घरात मधुमेहाचं माणूस सोबत येणार असेल तर ही दशमी आणि मूठभर फुटाणे ही जोडी चांगली. दशम्या ताटलीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. आतली वाफ पाणी होऊन बसते आणि दुपारपर्यंत त्या चिकट होतात.

दुसरा पदार्थ ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. चार वाट्या लाह्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतून कुरकुरीत करा आणि बाजूला काढा. दोन चमचे तेलात जिरं, मूठभर कढीपत्ता, दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे, मग अर्धी वाटी शेंगदाणे आणि अर्धी वाटी डाळं घालून खमंग होऊ द्या. कढीपत्ता हातात चुरला जाईल इतका कडक व्हायला हवा, नाहीतर त्यातल्या ओलीने चिवडा मऊ पडतो. गॅस बंद करून मीठ, चवीपुरती पिठीसाखर आणि लाह्या घाला. एरवी आपण हळद घालतोच. या वेळी घालू नका. पांढराच चिवडा तितकाच चविष्ट लागतो. आणि तो खाताना बोटांऐवजी चमचा वापरा.

तिसरा, लाडू. एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ आणि बिया काढलेले दहा-बारा मऊ खजूर मिक्सरमधून एकत्र फिरवा आणि लहान लाडू वळा. साखर, गूळ, तूप काही लागत नाही. खजूर कोरडे असतील तर एखादा चमचा कोमट दूध शिंपडा, पण मग लाडू त्याच दिवशी संपवा. बाजारचे राजगिऱ्याचे लाडू घेतले तरी हरकत नाही. ते हलके असतात आणि मुलांनाही आवडतात; फक्त चुरा फार सांडतो, म्हणून ते गाडीतच संपवा.

काय नेऊ नये तेही सांगते. ओलं खोबरं, कच्चा कांदा, उकडलेला बटाटा असलेलं काहीही उन्हाळ्यात सकाळी भरलं तर दुपारी त्याचा भरवसा नाही. फरसाण आणि वेफर्सनी तहान वाढते, आणि तहान लागली की पाणी पिऊन स्वच्छतागृह शोधायची वेळ बायकांवर येते. त्या भीतीने पाणी कमी पिणं हे त्याहून वाईट. पाणी थोडं थोडं पीत राहा आणि एस.टी. स्टँड किंवा मोठ्या दुकानात स्वच्छतागृह विचारायला संकोच करू नका. पैठणीची मोठी दुकानं बाहेरगावच्या गिऱ्हाइकांवर चालतात, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

दशमी गावात पोहोचायच्या आधी खा. बाराच्या सुमाराला, दोन दुकानांच्या मधे, लाडू आणि पाणी. चिवडा आणि फुटाणे दुपारसाठी. खाऊन झाल्यावर साबणाने हात धुवा, कोरड्या पंचाने पुसा आणि मगच साडीला हात लावा. ओला हातही रेशमाला नकोच, त्याचे डाग पडतात. पिशवीत कागदी साबण आणि एक पांढरा, धुतलेला रुमाल ठेवा. तो रुमाल पुढे दुसऱ्या कामालाही येणार आहे.

आधी माग, मग दुकान

येवल्यात पोहोचल्यावर समोर दिसेल त्या दुकानात लगेच शिरू नका. गावात आणि आसपासच्या खेड्यांत घराघरांत माग आहेत, आणि बरेच दुकानदार स्वतः विणकर घराण्यातले आहेत. "माग चालू आहे का? बघायला मिळेल का?" असं विचारलं की बहुतेक जण आनंदाने घेऊन जातात. तिथे गेल्यावर घाई करू नका, फोटो काढण्याआधी विचारा आणि ताण्याला हात लावू नका.

बघायचं काय? पुष्कळ माग खड्ड्याचे असतात. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पावड्या खालच्या खड्ड्यात पायांनी दाबतो. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येतं आणि जरीचा धागा सुरतेहून. साडीच्या अंगात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फिरतो आणि काम त्यातल्या त्यात भराभर पुढे सरकतं. पण पदर सुरू झाला की चाल एकदम मंदावते. नक्षीच्या प्रत्येक रंगासाठी धाग्याचं वेगळं छोटं रीळ असतं. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो तिथे विणकर ते रीळ थांबवतो, शेजारचा जरीचा धागा त्याच्यात गुंतवतो आणि पुढे जातो. उभे धागे मोजत, बोटांनी, एकेक ओळ. तासभर उभं राहून पाहिलं तरी पदर किती पुढे गेला ते नीट सांगता येत नाही.

हे पाहिल्यावर दोन गोष्टी आपोआप समजतात. एक, पैठणीची किंमत पदरात आणि काठात असते. साध्या पदराला आठवडे लागतात, भरगच्च मुनियांच्या, म्हणजे छोट्या पोपटांच्या, पदराला महिने, आणि अंगभर काम असेल तर वर्षही उलटतं. दोन, असा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा का दिसतो, हेही लक्षात येतं. रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच जातो आणि परत फिरतो. मागे सोडायला धागा उरतच नाही.

विणकराशी बोला. किती वर्षं हे काम करतात, आता मागावर कोणता पदर आहे, तो किती दिवसांत होईल, हे विचारा. बहुतेक घरांत सगळं कुटुंब या कामात असतं. कुणी रेशीम उलगडतं, कुणी कांड्या भरतं. साडी घ्या किंवा न घ्या, तुम्ही त्यांच्या कामाच्या वेळातली वेळ घेतलेली आहे हे लक्षात ठेवून वागा.

पदर उलटा करा

दुकानात बसल्यावर पहिली साडी उघडली की पदराची उलटी बाजू बघा. सुलटी बाजू सगळ्यांचीच सुंदर असते. हातमागाच्या अस्सल पदराच्या मागे लोंबणारे, तरंगणारे किंवा कात्रीने कापलेले धागे नसतात. मोर पुढून जसा तसा मागून, फार तर एखादी बारीक गाठ. यंत्रमागावर जॅकार्डने, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्राने, केलेल्या पदराच्या मागे मात्र रंगीत धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत धावलेले दिसतात, किंवा ते कापल्याची लव हाताला लागते. यालाच बाजारात सेमी पैठणी म्हणतात. सेमी पैठणी घेण्यात कमीपणा काही नाही. रोजच्या कार्यक्रमांना ती छान दिसते, खिशाला झेपते. ती अस्सल म्हणून आणि अस्सलच्या भावाने विकली जाऊ नये, एवढंच.

इथे एक बारकावा आहे, त्यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. साडीच्या अंगावरच्या बुट्ट्या किंवा ब्रोकेडचं काम हातमागावरसुद्धा जादा धागा घालून केलेलं असू शकतं, आणि तिथे मागे धागे दिसतात. तेवढ्यावरून साडी नकली ठरवू नका. निर्णय पदर आणि काठ पाहून करा. काठ नारळी (नारळाच्या नक्षीचा) असो की मुनियाचा, त्याचीही मागची बाजू स्वच्छ हवी.

पदर कोणता घ्यायचा, हा आवडीचा प्रश्न आहे. मोर सगळ्यांना ठाऊक असतो. बांगडी मोरात बांगडीसारख्या गोलात मोर बसवलेला असतो आणि त्याला वेळ फार लागतो, म्हणून किंमतही वर जाते. मुनिया असतील तर काठात त्यांची एक ओळ, दोन ओळी, तीन ओळी असा चढता क्रम असतो. आसावलीत फुलांच्या वेली असतात. अजिंठ्याच्या चित्रांतलं कमळही पदरावर येतं. मला स्वतःला आसावली जास्त आवडते, कारण ती वीस वर्षांनीही जुनी वाटत नाही. पण मोराचा पदर नेसायचं स्वप्न लहानपणापासून असेल तर माझं ऐकू नका.

रंगाची जुनी नावं विणकरांना सांगून बघा. काळ्या अंगाला लाल काठ म्हणजे काळी चंद्रकळा, पोपटी तो राघू, पांढरी ती शिरोदक. धूपछाव हवी असेल तर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. साडी हलली की रंग बदलतो. अशी साडी दाराशी नेऊन उन्हात, सावलीत, घडीत आणि उलगडून, अशी सगळीकडून बघा. दुकानाबाहेर उजेडात न्यायला कुणी नकार देत असेल तर ते दुकान सोडा.

मग उरलेली तपासणी. पदराच्या टोकाला मोकळे धागे असतात. विचारून त्यातले एक-दोन घ्या आणि जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदार मनाचा मोठा असेल तर हे स्वतःच करून दाखवतो. रंग जातो का, हे बघायला तो पांढरा रुमाल किंचित ओला करून आतल्या कोपऱ्यावर हलकेच दाबा, पण हेही विचारूनच.

लेबलांचा अर्थ समजून घ्या, कारण इथेही गल्लत होते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये सुरू झालेला सिल्क मार्क एवढंच सांगतो की कापड शुद्ध रेशमाचं आहे. ते यंत्रमागावरचं असू शकतं. हातमागाची खूण म्हणजे 2006 मध्ये सुरू झालेला हँडलूम मार्क. तुम्हाला दोन्हींची हमी हवी आहे. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि जरीचं काय? पूर्वी ती सोन्या-चांदीची असायची. आता बहुतेक साड्यांत तांब्यावर मुलामा दिलेली टेस्टेड जर असते, आणि स्वस्त साड्यांत प्लास्टिकची चकचकीत. जर कोणती आहे ते थेट विचारा.

उंच असाल तर साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, टेपने मोजून घ्या. हा मुद्दा दुकानात कुणालाच आठवत नाही आणि मग घरी निऱ्या घोट्याच्या वर राहतात. नवरीने हिल्स घालायच्या असतील तर त्या लक्षात घेऊन मोजा.

किंमत, घासाघीस आणि बिल

दोन-तीन हजारांत हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी मिळत नाही. सहावारी साडीला साधारण अर्धा किलो रेशीम लागतं. त्याचीच किंमत करून बघा, मग जरीची धरा, रंगाई धरा आणि विणकराचे दिवस धरा. साध्या पदराची पैठणीही यामुळे पाच आकड्यांत जाते आणि भरगच्च कामाची लाखाच्या पुढे. कुणी "आज तुमच्यासाठी खास" म्हणून हातमागाची साडी अविश्वसनीय भावात देत असेल, तर पुन्हा एकदा पदर उलटा करा.

दुकानात थोडी घासाघीस चालते, तो व्यापार आहे. पण विणकराच्या घरात, मागाशेजारी उभं राहून त्याच्या दिवसांचा भाव पाडू नये असं मला मनापासून वाटतं. परवडत नसेल तर कमी कामाचा पदर मागा. साधा, नीट विणलेला नारळी काठ खूप देखणा दिसतो. विणकराची मजुरी कमी करून मिळवलेला भरगच्च पदर घेण्यापेक्षा तो केव्हाही बरा. पुढची पिढी मागावर बसेल की नाही, हे याच मजुरीवर ठरतं.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर शुद्ध रेशीम, हातमाग, जरीचा आणि पदराचा प्रकार हे शब्द लिहून मागा. फक्त "साडी, एक नग" असं बिल नको. विणून घ्यायची असेल तर कागदावर अंगाचा रंग, काठाचा रंग, पदर, बुट्टी, लांबी, आगाऊ रक्कम आणि द्यायची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या. रंगाचा फोटो मोबाइलवर वेगळा दिसतो, म्हणून त्या रंगाच्या धाग्याचा छोटा तुकडा कागदाला लावून ठेवा.

खरेदी उरकून वेळ उरला तर मुक्तिभूमी या स्मारकाला जा. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावातल्या परिषदेत, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. तात्या टोप्यांचं जन्मगावही येवलाच. परतीचा रस्ता निफाडवरून असेल आणि दिवस जानेवारी ते मार्चमधले असतील, तर द्राक्षं घ्या. त्या तालुक्यासारखी द्राक्षं कमी ठिकाणी मिळतात. फवारणी झालेली असते, तेव्हा घरी नेऊन पाण्यात भिजवून, चोळून धुवूनच खा.

घरी आणल्यावर

फॉल सुती घ्या, आधी पाण्यातून काढून वाळवा आणि हातानेच लावून घ्या. आटणारा फॉल लावला तर काठ सुरकुततो. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या, मऊ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, म्हणजे ओल धरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर जरीवर घडीची कायमची रेघ येते आणि कापड तिथेच विरतं. डांबराची गोळी थेट साडीला लागू देऊ नका. त्याऐवजी लवंगांची किंवा वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची छोटी पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

नेसल्यानंतर लगेच घडी करून कपाटात टाकू नका. रात्रभर सावलीत, वारा लागेल अशा जागी दांडीवर पसरून ठेवा, घाम पूर्ण सुकू द्या. डाग पडला तर घरी घासू नका, ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा आहे ते सांगा. इस्त्री बेताच्या तापमानावर, वर सुती कापड ठेवून. पदराला पिन लावताना मागे जाड कापडाचा छोटा तुकडा घ्या, म्हणजे ओढ त्या तुकड्यावर येते. आणि अत्तर लावायचं असेल तर साडी नेसायच्या आधी, अंगाला लावा आणि सुकू द्या. जरीवर पडलेल्या अत्तराने ती काळी पडते.